शेवटच्या पेपरला गैरहजर

पाहुण्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथून हलेचना.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

संचालक खुर्चीतून अर्धे उठले. सकाळपासून सगळं कसं छान चाललं होतं. बाईंना स्टुडिओ दाखवून झाला होता, दोनदा चहा झाला होता, सीमेपलीकडच्या गावांना घरबसल्या पदवी देणाऱ्या या अभ्यासक्रमाचं कौतुकही करून झालं होतं, आणि ते अर्थातच संचालकांनी स्वतःच केलं होतं. बाई ज्या परदेशी संस्थेकडून आल्या होत्या तिने हात दिला तर अभ्यासक्रम तरणार होता. नाहीतर वर्षअखेरीस कुलूप, हे विद्यापीठाने ठरवूनच टाकलं होतं. आणि आता घोडं अडलं होतं ते या एका ओळीपाशी.

पलीकडच्या एका लहानशा गावचं केंद्र. सगळे विद्यार्थी सगळ्या विषयांत पास, तेही चांगल्या गुणांनी. फक्त शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या पेपरला सगळे गैरहजर. मागच्या वर्षीही गैरहजर, त्याच्या आधीही गैरहजर. पदवी कुणालाच नाही.

"काही तांत्रिक अडचणी," संचालक म्हणाले. "पलीकडे वीज जाते, रस्ते बंद होतात..."

"नेमकी शेवटच्याच पेपरला?"

संचालकांनी समन्वयक मॅडमकडे पाहिलं. हा अभ्यासक्रम मॅडमनी पहिल्या दिवसापासून अंगाखांद्यावर खेळवला होता, तेव्हा अडचणीची उत्तरंही त्यांनीच द्यावीत अशी पद्धत पडली होती.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

बाई हसल्या. "सकाळपासून मला पटलेलं हे पहिलंच उत्तर. मी उद्या संध्याकाळी निघते. त्याआधी त्या लोकांशी बोलता येईल? रागावले नाहीये मी. पण याचं कारण कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही."

चैन तर मॅडमनाही पडणार नव्हती. इतकी वर्षं निकालाचे कागद हाताखालून गेले आणि आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचीच त्यांना लाज वाटत होती.

बाहेर व्हरांड्यात संचालकांनी त्यांना गाठलं. "एवढं खरं बोलायची काय गरज होती? ते केंद्रच काढून टाका तक्त्यातून. आकडे बघा कसे चकाचक होतात."

"काढलं तर त्यांना पैसे मिळणार नाहीत सर. केंद्र बंद पडेल."

"आणि नाही काढलं तर सगळीच बंद पडतील. एका गावापायी बाकीच्यांच्या तोंडचा घास काढणार का तुम्ही?"

संचालक काही खोटं बोलत नव्हते. मॅडम तशाच कार्यालयाकडे वळल्या.

कार्यालयात हेडक्लार्कना सगळे दादा म्हणत. दादांना हा प्रकार सांगितला तर त्यांनी पेन कानावर खोचलं आणि ते विचारात पडले.

"परीक्षेच्या हॉलमध्ये भूतबित असेल."

"दादा!"

"मग कॉपी करत असतील आणि शेवटी मन खात असेल. अहो, असतात अशी माणसं."

"सगळ्यांचंच मन एकाच पेपरला खातं?"

"तेही खरंच म्हणा," दादा म्हणाले आणि फोन पुढे सरकवला. "विचारा की सरळ. फोटोवाल्या काकांना लावा."

त्या गावचं केंद्र म्हणजे काकांचा फोटो स्टुडिओ. दिवसा तिथे लोक केस विंचरून फोटोला बसत आणि संध्याकाळी त्याच बाकावर दाटीवाटीने विद्यार्थी. केंद्र काका सांभाळायचे आणि स्वतःही तिथेच शिकायचे.

"बोला मॅडम! तब्येत काय म्हणते?"

मॅडमनी तब्येतीला बगल देऊन सरळ मुद्द्याला हात घातला. काका आधी म्हणाले, त्या दिवशी पाऊस होता. मग म्हणाले, गावात एक लग्न होतं. मग एकदम खोकलाच आला त्यांना.

"काका, उद्या ती परदेशी पाहुणी तुम्हाला हेच विचारणार आहे. तिलाही लग्नच सांगणार आहात का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"दहापेक्षा कमी विद्यार्थी झाले की केंद्र बंद. तुमचाच नियम ना?" काका हळू आवाजात म्हणाले. "आम्ही बरोबर दहा आहोत. त्यातली नऊ शेवटच्या वर्षाची खोडं. दहावा गाव सोडून गेला, त्याच्या जागी ती बेकरीतली पोर, आत्ता कुठे पहिल्या वर्षाला आलीय. आमच्यातला एक जरी पास होऊन गेला, तरी तिचं शिकणं बंद. दुसरं केंद्र घाटापलीकडे. कोण पाठवतंय तिला तिथे?"

"म्हणून सगळे..."

"शेवटच्या वर्षाला कितीही वेळा नाव नोंदवता येतं. तोही तुमचाच नियम." काका हसले. "नवीन माणसं शोधली नाहीत असं समजू नका. घरोघरी फिरलो. पण लोक म्हणतात, या केंद्रातून कुणी पासच होत नाही, कशाला पैसे घालवायचे?"

मॅडमना हसावं की रडावं कळेना. "आणि काका, तुम्ही किती वर्षं असे थांबलाय?"

"मी आपला पहिल्यापासूनचाच. आधी नर्सबाईंसाठी थांबलो, मग ड्रायव्हरसाहेबांसाठी. मग ते माझ्यासोबत थांबायला लागले. बरं का मॅडम, पोरीला यातलं काही ठाऊक नाही. कळू देऊ नका. मानी आहे, उद्याच नाव काढून घेईल."

मॅडमनी शब्द दिला. देताना बरं वाटलं, पण रात्री जेवताना तोच शब्द टोचायला लागला: मग उद्या बाईंना सांगायचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी संचालकांच्या खोलीत त्या गावाशी बोलायला मोठा पडदा लागला. बाईंपुढे नवा तक्ता होता आणि त्यातून ते केंद्र गायब होतं.

"कालची ओळ कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

संचालकांनी घसा साफ केला. तेवढ्यात पडदा उजळला, म्हणून वाचले.

काकांच्या फोटो स्टुडिओत सगळी मंडळी ठेवणीतले कपडे घालून बसली होती. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि तळ्यात दोन हंस. मधोमध काका. एका टोकाला एक मुलगी, कोपरापर्यंत पीठ लागलेली, बहुधा कामावरून तशीच धावत आलेली.

बाईंनी प्रश्न विचारला आणि मॅडमनी तो त्या मंडळींच्या भाषेत सांगितला. काकांनी मॅडमकडे पाहिलं, मग छताकडे.

"वीज गेली होती," ते म्हणाले.

मॅडमनी तेच इंग्रजीत सांगितलं.

"दर वर्षी?"

नर्सबाई पदराशी चाळा करू लागल्या. ड्रायव्हरसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मुलगी मात्र एकेकाकडे टकमक बघत होती. तिलाही हा प्रश्न नवा असावा, आणि आवडलाही असावा.

बाईंनी तक्ता बाजूला सारला. "हे बघा," त्या मॅडमना म्हणाल्या, "ज्या केंद्रातून कुणीच पदवी घेत नाही, ते आमच्या समितीच्या दृष्टीने फसलेलं केंद्र. तसं लिहिण्यावाचून मला इलाज नाही. दुसरं काही लिहिता आलं तर मला हवंच आहे."

संचालकांनी मॅडमना डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. मॅडम पडद्याकडे वळल्या.

"काका, सांगू का?"

काकांनी मुलीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"सांगा. आता काय लपवायचं."

मॅडमनी आधी त्यांच्याच भाषेत सांगितलं, म्हणजे मुलीला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. नियम सांगितला, दहा नावं सांगितली, कोण कुणासाठी थांबलं ते सांगितलं. मग तेच इंग्रजीत. बाईंनी चष्मा काढून हातात धरला, तो पुन्हा घालायचं त्यांना सुचेना.

मुलगी उठली. कुणाकडे न बघता चालत गेली आणि पडद्याबाहेर दिसेनाशी झाली. दार आपटल्याचा आवाज आला.

"बघा," काका म्हणाले. "म्हटलं होतं मी."

मॅडमनी दिलेला शब्द मोडला, वर केंद्रही गेलं. संचालकांनी संधी साधून नवा तक्ता पुन्हा बाईंपुढे सरकवला. बाई पडद्याकडेच बघत राहिल्या. तिथे नर्सबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

दार पुन्हा वाजलं. मुलगी परतली होती आणि तिने हाताला धरून ओढत आणलेली एक बाई सोबत होती. घामाने निथळलेली, हातात इस्त्रीखालचं ओलं फडकं.

"अगं सोड! समोर लाँड्रीत कपडे तसेच पडलेत. शर्ट जळेल कुणाचा तरी!"

"जळू दे. आई, इथे बस. काका, हिचं नाव लिहा."

"माझं? मी कुठली शिकायला? आणि इथून कुणी पास होत नाही म्हणे!"

"होतात गं," मुलगी म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आता आवरेना. "सगळ्यांना होता येतं. माझ्यासाठी नापास होतायत!"

आईने फडकं खाली केलं. एकेकाचं तोंड निरखून पाहिलं. ड्रायव्हरसाहेबांनी मान खाली घातली, जणू त्यांनी काही चोरलंच होतं.

"खरं का हो भाऊ?" तिने काकांना विचारलं.

काकांनी मान डोलावली.

"मग लिहा," आई म्हणाली. "पण इंग्रजी मला जमायचं नाही, आधीच सांगते."

"अकरा झाले!" नर्सबाई ओरडल्या. "काका, एकाची सुटका झाली! तुम्ही बसायचं या वेळी पेपरला. काही ऐकायचं नाही!" आणि मग एकच गलका उठला. ड्रायव्हरसाहेब त्यांच्या कंडक्टरला आणणार होते, नर्सबाईंची नणंद घरी रिकामीच होती, तिला कशी तयार करायची ते त्या सगळ्यांना सांगत होत्या. काका दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत होते, पण ऐकतंय कोण.

"काय म्हणतायत ते?" बाईंनी विचारलं.

मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला.

"म्हणतायत, पहिल्यापासून थांबलोय, आता अभ्यास विसरलो."

"परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

बाईंनी कालचा तक्ता मागून घेतला आणि आपल्या बॅगेत ठेवला. "मग त्यांना सांगा, अभ्यासाला लागा. माझा अहवाल परीक्षेनंतर जाईल."

मॅडम सांगायला वळल्या. पलीकडे आई अजून उभीच होती, आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून बाकावरची सगळी माणसं एकमेकांना ढकलत एका बाजूला सरकत होती.