उजवी बाजू मंद

मित्रांनो, मी एक जुना इयरफोन आहे. खरं सांगायचं तर अर्धाच, कारण आम्ही जोडीनं राहतो आणि मी त्यातला उजवा. दुकानदार आम्हाला ऐटीत ‘इन-इअर मॉनिटर’ म्हणतात, पण किंमत पाहिलीत तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असा प्रकार. शिकणाऱ्या मुलांनी खाऊचे पैसे साठवून घ्यावं, असं आमचं कूळ. आज माझ्या कडांचा रंग उडाला आहे आणि वायरीला पीळ पडले आहेत. तरीही मी रोज वाजतो. फक्त ज्या कानासाठी माझी निवड झाली होती, त्या कानात आता वाजत नाही. ते असं का झालं, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. पांढरे दिवे, पांढरे बाक आणि भिंगाखाली माना घालून बसलेल्या बाया. माझं पोट म्हणाल तर दोन चिंचोक्यांएवढं, पण त्यात दोन बिऱ्हाडं राहतात. एक आहे गोल, पातळ पडदा. तो थरथरला की खर्ज उमटतो, ढोलाचा ठोका अंगाला जाणवतो. दुसरी आहे धातूची इवलीशी पट्टी. झांजेची किणकिण, तारेवरून सरकणारं बोट, गाणाऱ्याचा श्वास, ही सगळी नाजूक कामं तिची. या वाजवणाऱ्यांना ड्रायव्हर म्हणतात, आणि अशा दोन वेगळ्या जातीच्या ड्रायव्हरांनी एका घरात संसार केला की त्याला हायब्रिड म्हणतात. महागड्या इयरफोनांत अशा पट्ट्यांची फौज असते. आमच्यात एकच, आणि तिच्यावरच घरची अब्रू.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. आम्ही जुळे जन्मत नाही, जुळवले जातो. शेवटच्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी बसत असे. ती प्रत्येकाला यंत्राच्या कानात बसवायची आणि त्याच्या आवाजाची रेघ पडद्यावर काढायची. एकाच्या रेघेवर दुसऱ्याची रेघ तंतोतंत बसली, तरच दोघांची जोडी लागायची. माझ्यासाठी तिनं कितीतरी डावे उचलले आणि परत ठेवले. शेवटी एक जमला. “झालं बाई एकदाचं!” ती म्हणाली. पोटच्या पोरीचं लग्न ठरावं, इतकी ती सुटल्यासारखी हसली होती. म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो की आम्हा दोघांत तसूभरही फरक नव्हता.

तिथून आम्ही मास्तरांच्या घरी आलो.

मास्तर शाळेत शिकवत नसत. ते पियानो जुळवत. सभागृहं, गाण्याचे वर्ग, जुन्या हौशी लोकांची घरं, सगळीकडे त्यांना बोलावणं असे. उतरलेली तार त्यांना दुसऱ्या खोलीतून कळते, असं लोक म्हणत. कामावरून आले की त्यांचा एकच नाद, स्वस्तातले इयरफोन ऐकून त्यांची पारख करायची आणि आपलं मत इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकायचं. “पैसे कमी आहेत म्हणून पोरांनी वाईट ऐकायचं का?” असं ते म्हणत. त्यांच्या एका ओळीवर विसंबून मुलं खरेदी करत.

त्यांची पारख म्हणजे उगाच दोन गाणी ऐकून मान डोलवणं नव्हे. आधी ते आमच्या रबरी टोप्या बदलून बदलून पाहत, कारण कानात नीट बसलं नाही तर खर्ज वाऱ्यावर जातो. मग आवाज मोजायचं यंत्र ठेवून तो ठरावीक पातळीवर आणत. वाजवायचे तुकडेही ठरलेले. थोडं ऐकत, काढून ठेवत, कानाला विसावा देत, पुन्हा ऐकत. मत सांगत ते स्वतः आणि टाइप करीत त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, कारण मास्तर टाइप करायला बसले की कोंबडीनं दाणे टिपावेत तसं एकेक अक्षर शोधत.

आमची पाळी आली तेव्हा मास्तर आधी खूश झाले. “खर्ज भरदार आहे, पण अंगावर येत नाही,” ते म्हणाले. मी सुखावलो. मग गाणाऱ्या बाईचा तुकडा लागला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“डोळे मिटले की गाणारी बाई समोर मधोमध उभी राहायला हवी. ही डावीकडे सरकलीय. झांजही उजवीकडून येतच नाही म्हटलं तरी चालेल.”

मित्रांनो, मी जीव तोडून वाजत होतो. माझी पट्टी एका सुरालाही चुकत नव्हती. मास्तरांनी माझी जाळी ब्रशनं झाडली, टोपी बदलली. आमच्या वायरी सुट्या करता येतात, म्हणून मग त्यांनी डावीकडची वायर मला लावली आणि माझी डाव्याला. तरी उजवी बाजू मंदच. म्हणजे दोष वायरीचा नाही, इयरफोनाचाच, असा त्यांनी निष्कर्ष काढला. इथवर सगळं रीतसर होतं. आता एकच गोष्ट पाहायची राहिली होती. मला डाव्या कानात घालून पाहायचं. पण आमची घडण कानाच्या वळणाप्रमाणे असते. डावी चप्पल उजव्या पायात घालावी, तसे आम्ही उलट्या कानात बसत नाही. आणि स्वतःच्या कानावर संशय घ्यायचा, हे मास्तरांच्या स्वप्नातही आलं नसतं.

“लिही,” ते म्हणाले. “डावी बाजू उत्तम, उजवी बाजू मंद. घेऊ नये.”

मास्तरीणबाईंची बोटं थांबली. “अहो, मागच्यालाही तुम्ही हेच म्हटलं होतं.”

“मग?”

“त्याच्या आधीच्यालाही. कंपन्या तर सगळ्या वेगवेगळ्या.”

“स्वस्तातला माल तो! एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “आज राहू दे. उद्या टाकते पानावर. डोळे दुखतायत माझे.”

दुसऱ्या दिवशी मास्तर कामाला गेल्यावर बाई टेबलापाशी आल्या. त्यांनी आम्हाला हातात घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं. गाण्यातलं त्यांना काही कळत नाही, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांनी आम्हाला कानात घातलं आणि तोच तुकडा लावला. गाणारी बाई बरोबर मधोमध उभी होती. मग त्यांनी मला डाव्या कानात उलटा धरला आणि डाव्याला उजव्यात, दोन्हींवर बोटं दाबून. गाणारी अजूनही मधोमधच. मास्तरीणबाईंनी आम्हाला हळूच टेबलावर ठेवलं आणि तोंडावर हात धरला. मी निर्दोष ठरलो होतो, पण त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

कारण कान म्हणजे मास्तरांची हौस नव्हती. तो त्यांचा धंदा होता, आणि त्याहून जास्त म्हणजे ती त्यांची सगळी ओळख होती. तो गेला तर या माणसाकडे उरतं काय? बाई दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत हिंडत होत्या.

संध्याकाळी मास्तर आले तेच धुसफुसत. एका शाळेतल्या बाईंनी म्हणे तक्रार केली होती, पियानोच्या वरच्या पट्ट्या कर्कश लागतात म्हणून. “हवा दमट आहे, लाकूड फुगतं, त्याला मी काय करणार?” मास्तर म्हणाले. “मला शिकवतायत!”

“अहो, एक करून बघा,” बाई म्हणाल्या. “हे दोन्ही उलटे घाला कानात.”

“उलटे बसत नाहीत ते.”

“मी धरते बोटांनी. माझ्यासाठी एकदा.”

मास्तर हसले आणि खुर्चीत बसले. बाईंनी मला त्यांच्या डाव्या कानाशी धरलं. मी, मंद ठरलेला उजवा, तिथे लख्ख वाजलो. झांज अशी खणखणली की मास्तर दचकले. आणि ज्याला त्यांनी उत्तम म्हटलं होतं, तो माझा जोडीदार त्यांच्या उजव्या कानात मुका झाला.

मास्तरांनी आम्हाला काढलं, नीट घातलं, पुन्हा उलटं धरलं. “वायरीत...” असं काहीतरी बोलायला लागले आणि मधेच थांबले. त्यांनी आम्हाला टेबलावर ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं.

“तुला कधी कळलं?”

“आज सकाळी,” बाई म्हणाल्या. “नाही. सकाळी खात्री झाली. कळलं होतं आधीच. फिरायला जाताना मी तुमच्या उजवीकडून चालायचे ना, तर तुम्ही भलत्याच जागी हं हं करायला लागलात. म्हणून मी डावीकडून चालायला लागले. जेवायच्या टेबलावरची माझी खुर्चीही हलवली. तुमच्या लक्षात नाही आलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“कुठल्या तोंडानं सांगू? तुमच्या कानाचं सगळे कौतुक करतात. म्हटलं, मी आहे ना, सांभाळून घेईन.”

“सांभाळून घेतलंस खरं,” मास्तर म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत होते. “आणि मी या बिचाऱ्यांना नापास करत सुटलो.”

दोघं कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा आम्ही मास्तरांच्या खिशात होतो. काचेच्या बंद खोलीत त्यांना बसवलं, बारीक बारीक आवाज ऐकवले. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, “पियानो जुळवताना कान जवळ नेता?”

“उजवा. अगदी पियानोच्या पोटाशी. आणि पट्टी जोरात ठोकावी लागते, तार पक्की बसायला.”

“इतकी वर्षं रोज तो दणका खाऊन आतली नस झिजलीय. गेलं ते परत येणार नाही. आहे ते जपता येईल. कानात बुचं घालून काम करायला लागा.” त्या जरा थांबल्या. “सुरुवातीलाच आला असतात, तर बरंच वाचलं असतं हो.”

मास्तरीणबाईंनी पर्सचा बंद मुठीत आवळून धरला. मी आजवर पुष्कळ दुःखाची गाणी वाजवली आहेत, पण त्या एका वाक्याएवढं जड मी काही ऐकलं नाही. आणि ते त्यांना कुणी टोचून म्हटलेलंही नव्हतं.

घरी आल्यावर मास्तरांनी टाइप करायला सांगितलं. “ज्या इयरफोनांची उजवी बाजू मी मंद म्हटली, त्यांची आणि ते बनवणाऱ्यांची मी माफी मागतो. मंद बाजू माझी होती. यापुढे उजवीकडचं माझं मत धरू नये.”

“हे नका ना टाकू,” बाई म्हणाल्या. “कामं जातील.”

“झाकून काय झालं ते पाहिलं ना आपण?”

बाईंनी डोळे पुसले आणि ते जसंच्या तसं पानावर टाकलं.

कामं गेली. त्या शाळेनं दुसरा माणूस बोलावला. काही घरांतून फोन येईनासे झाले. काही लोक मात्र राहिले. त्यांच्याकडे मास्तर आता बुचं घालून जातात, सूर मोजायचं यंत्र समोर ठेवतात आणि आपला डावा कान झुकवतात. पूर्वीची ऐट राहिली नाही. पण त्यांच्या हातचं काम अजूनही चोख आहे.

पान मात्र बंद पडलं नाही. आता एकाच बाकावर दोघं बसतात, बाई मास्तरांच्या डाव्या हाताला. माझा जोडीदार मास्तरांच्या डाव्या कानात आणि मी बाईंच्या उजव्या कानात. खांद्याला खांदा लागतो, तेव्हा कुठे वायर पुरते. नवा इयरफोन आला की दोघं आधी आम्हाला ऐकतात आणि मग त्याला आमच्याशी ताडून पाहतात. सुरुवातीला बाई प्रत्येकाला “छान आहे” म्हणत. “छान म्हणजे काय? नीट सांग,” असं म्हणून मास्तर त्यांच्या मागे लागत. आता त्या बिनदिक्कत सांगतात, “याची किणकिण बोचरी आहे. अर्ध्या तासात डोकं उठवील.” वाचणारी पोरं हल्ली आधी बाईंचं मत विचारतात. मास्तर तोंड वाकडं करतात, पण मनातून खूश असतात.

मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. आमचा आवाज कमी ठेवा, आम्हाला ओरडायला लावू नका. आम्ही मोडलो तर बाजारात दुसरे मिळतात. आणि आपल्या माणसाचं काही बिघडतंय असं दिसलं, तर त्याच्यासाठी गुपचूप खुर्ची हलवू नका. त्याच्यासमोर बसा आणि त्याला सांगा. त्याला वाईट वाटेल, तो तुमच्यावर रागावेलही. तरी सांगा, वेळेत सांगा.

इथे खरं तर मी थांबायला हवं, पण परवाचं सांगायचं राहिलं. मास्तरांनी एक जुना पियानोचा तुकडा लावला. तो त्यांनी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. वाजवणाऱ्यानं खोलीची खिडकी उघडी ठेवली असावी, कारण एका जागी, अगदी उजव्या बाजूला, बाहेरच्या झाडावरचा एक पक्षी बोलतो. फार बारीक, दोनदाच. माझ्या पट्टीनं तो बाईंच्या कानात नेऊन ठेवला.

मास्तर बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. “काही आलं?”

“पक्षी आहे का हो तिथे? चिमणीसारखा?”

“आहे ना!” मास्तर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. “पुन्हा बोलेल आता. बोलला की सांग मला.”

बाईंनी श्वास रोखून धरला. मग त्यांनी मास्तरांचा हात हलकेच दाबला. “बोलला.”