मी ही

शेगुलाबाईला न्यायला तिचा मुलगा इस्राएलहून आला, तेव्हा अख्ख्या रेवदंड्यात एकच माणूस खूश नव्हतं, ते म्हणजे मी. मी शेजारीण, आवडाबाई माळीण. दोघींच्या परसात विहीर एकच. शनिवारी तिच्या यहुदी लोकांत विस्तव पेटवत नाहीत, म्हणून तिची चूल आधी माझी सासू पेटवायची आणि सासूमागं मी. तिचा नवरा गेला, इस्राएल आळीतली निम्मी घरं कुलपं लावून तिकडं गेली, पण म्हातारी हलली नव्हती.

मुलगा हन्नोख स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांतच बायकोला घेऊन गेला होता. तिकडं त्याला मुलगी झाली, दीना. तो दरसाल "आई, ये" म्हणून कळवायचा आणि दरसाल शेगुलाबाईचं एकच उत्तर.

"तितं माज्याशी कोन बोलनार? म्हातारपनी मुकी होऊ काय? नात माज्याशी माज्या भाषेत बोलली तर येते. न्हायतर हितंच बरी हाय मी."

आणि नातीला तर मराठीचा गंध नव्हता. तिकडच्या मास्तरणीनं म्हणे सांगितलं, घरात तुमची भाषा बंद करा, पोर मागं पडेल. ह्या दोघांनी केली बंद! अगो बाई, उद्या मास्तरीण म्हणेल विहिरीत उडी मारा, तर मारणार काय? पण मला कोण विचारतो.

ज्या दिवशी हन्नोख नातीला घेऊन आला त्या दिवशी मी शेगुलाबाईच्या ओटीवरच नारळ सोलत होते. टांगा थांबला. आतून म्हातारीनं हाक दिली, "कोन आलंय?"

पोर उंबऱ्यात उभी. सात-आठ वर्षांची, केस कापलेले, डोळे थेट आजीचे. आतून लगबगीनं येणाऱ्या म्हातारीला तिनं न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात बोलली, "मी ही?"

झालं! शेगुलाबाईच्या हातातली परात पडली, तांदूळ घरभर.

"ऐकलंस, आवडे? कोन आलंय म्हनून इचारलं, तर म्हनते, मी, ही! मीच, ही बग आले! अगो माजी बाय ती!" तिनं पोरीला उराशी धरलं आणि रडायलाच लागली. मग हन्नोखला म्हणाली, "शिकवलंस रे तिला? न सांगता शिकवलंस?"

हन्नोखचं तोंड उतरलं. मी समोरच होते, मला दिसलं. पोर अंग चोरून त्याची बाही ओढत होती, पुन्हा तेच म्हणत होती, "मी ही? मी ही?" तो म्हणाला, "व्हय, आई. थोडं थोडं येतं तिला."

दुसऱ्याच दिवशी शेगुलाबाईनं नवसाचा मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वर फळं. एलिया नबीचं नाव घेऊन आळीत उरलेल्यांना वाटला, मलाही द्रोण भरून दिला. घर दिराच्या मुलाला देऊन टाकलं. पाटा-वरवंटा मला. पोर त्यानंतर काही बोलली नाही तिच्याशी. हन्नोख म्हणायचा, लाजते. मला ताकास तूर लागू देत नव्हता मेला. जाताना टांग्यात पोर आजीच्या मांडीवर बसली होती, म्हणून मीही मनाची समजूत घातली. घरी येऊन त्या पाट्यावर डोकं टेकून मी खूप रडले.

पुढच्या साली आंबा मोहरला तेव्हा म्हातारी एस.टी.तून एकटीच उतरली. स्वतःच्या घराकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्या पडवीत येऊन बसली.

"आवडे, बोल माज्याशी. काय वाट्टंल ते बोल."

माझ्या जिभेला हाड नाही असं गाव म्हणतं.  मी कोंबड्यांचं सांगत बसले, कुठली खुडूक झाली, कुठली मुंगसानं नेली. ती डोळे मिटून ऐकत होती, कीर्तन ऐकावं तशी.

ते "मी ही"चं तिनं चार दिवसांनी सांगितलं. तिकडं शेजारच्या पोरी दारात आल्या की म्हातारीकडं बोट दाखवून दीनाला विचारायच्या, "मी ही?" आणि दीना म्हणायची, "सावता."

"सावता? आमचा सावतोबा माळी तिकडं कसा गेला?" मी म्हटलं.

ती हसली नाही. "सावता म्हंजे आजी. आनि 'मी ही' म्हंजे, ही कोन. पोरगी त्या दिवशी बापाला इचारत व्हती, आवडे. ही म्हातारी कोन?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हन्नोख समोर नव्हता तरी मी त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. मेल्या, जन्मदात्रीला फसवलंस! तिचं घर सोडवलंस, आणि तिकडं नेऊन भिंतीशी बोलायला बसवलंस!

"आपलेच दात, आपलेच ओठ," शेगुलाबाई म्हणाली. "पोरगी वाईट न्हाय गो. जेवताना आधी माज्या ताटात वाढायची. पन सांजच्याला सगळी बोलत बसायची आनि मी एकेकाचं तोंड बगत बसायची. हन्नोख माज्याशी मराठीत बोलला की ती कान झाकून घ्यायची, तिला लाज वाटायची. मग तोही बोलंना. एका घरात राहून मी त्याच्या आवाजाला तरसले."

ती माझ्याकडंच राहिली. शनिवारची चूल मीच पेटवायची. तीनेक पावसाळ्यांनी तिचं ध्यान सुटत गेलं. आधी नावं विसरली, मग माणसं. मला कधी सासूच्या नावानं हाक मारायची.

तशात हन्नोखनं दीनाचा फोटो पाठवला. पोर उंच झाली होती. मी तो शेगुलाबाईच्या हातात दिला. तिनं तोंडाशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिला, बोट फिरवलं आणि मला विचारलं,

"मी ही?"

मी म्हटलं, "तुझी नात गो, मावशी. दीना."

"दीना," ती म्हणाली आणि एकदम तिचं तोंड फुललं. "हिला मराठी येतं हां, आवडे! दारात आली तशी बोललीच. कोन आलंय म्हटलं, तर म्हनते, मी, ही."

ज्या तोंडानं हन्नोखला शिव्या घातल्या होत्या, त्याच तोंडानं मी म्हटलं, "व्हय, मावशी. येतं तिला."