सोळा रिकामी आवर्तने

माझे दार अर्धे उघडे आहे. तेमिदायोचा हात आतल्या कोटावर आहे आणि फिआक्रा खिडकीपाशी उभा राहून बॉईन नदीकडे पाहतो आहे.

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो. ड्रॉहेडा या आयरिश गावातल्या एका सुताराने फिआक्राच्या आजोबांच्या लग्नासाठी मला घडवले. साठ वर्षे मी लोकर, डांबराच्या गोळ्या आणि रविवारचे जोडे सांभाळले. आपल्या पोटात कधी गाणे येईल, असे मला वाटले नव्हते.

मग फिआक्रा, तेमिदायो आणि किंगा या तीन मित्रांनी हिप-हॉपचा गट काढला. ध्वनिमुद्रणाला खोली नव्हती. किंगा पोलंडहून चार वर्षांची असताना इथे आली. गटाचा ताल तीच बांधते. तिने माझे दार उघडून एक टाळी वाजवली. कोटांनी ती गिळली. "हेच," ती म्हणाली. त्या दिवसापासून फिआक्रा आणि तेमिदायो आळीपाळीने माझ्यात शिरून रॅप म्हणू लागले. तेमिदायोने आपला जाड कोटही आत टांगला. त्याला त्याच्या परदेशातून आलेल्या आईच्या झणझणीत लाल भाताचा वास होता. त्या कोटाने माझ्यातला शेवटचा घुमारा मिटवला.

"परत म्हण, फिआक्रा," किंगा बाहेरून सांगे. "तुझं पोट गुरगुरलेलं रेकॉर्डिंगमध्ये आलंय."

"राहू दे गं," तेमिदायो म्हणे. "त्याचं तेवढंच तालात आहे."

नोव्हेंबरात एका रेडिओवाल्याने फोनवर मुलाखत घेतली. शांतता हवी म्हणून दोघे खांद्याला खांदा लावून माझ्यात बसले.

"तू कुठला?" तेमिदायोचे परके नाव ऐकून निवेदकाने विचारले.

"ड्रॉहेडाचा," तेमिदायो म्हणाला. तो इथल्याच इस्पितळात जन्मला.

"ते ठीक. पण मुळात कुठला?"

"ड्रॉहेडाचाच."

निवेदक हसला. फिआक्राही हसला, थोडेसेच, पाहुण्याचा मान राखावा तसे. तेमिदायो दार ढकलून निघून गेला, कोटाशिवाय, त्या थंडीत. टाळी गिळणाऱ्या कोटांना ते हसू मात्र गिळता आले नाही. ते माझ्या लाकडात राहिले.

किंगाने नव्या गाण्यातली तेमिदायोच्या रॅपची सोळा आवर्तने रिकामी ठेवली. ती रोज ताल लावते आणि तो शब्दांवाचून माझ्या फळ्यांवर चालत राहतो, ओसाड घरात कुणी जिना चढावा तसा.

"इथं मी दुसरं काही भरणार नाही," तिने फिआक्राला बजावले. "तू हसलास, तूच बोलाव."

तीन आठवडे त्याने बोलावले नाही. माझे दारही कुणी उघडले नाही.

मित्रांनो, मला झिलई नको, नव्या बिजागऱ्या नकोत. एवढेच मागतो: कुणी आपल्या गावाचे नाव सांगितले, की ते पहिल्यांदाच खरे माना. माझ्यासारख्या लाकडाला एक हसू इतके दिवस पुरते, मग माणसाला किती पुरत असेल?

आज तेमिदायो आपणहून आला आहे, पण कोट न्यायला.

"शनिवारी गाणं पुरं करून द्यायचंय," फिआक्रा खिडकीकडे पाहतच म्हणतो. मग वळतो. "मी हसायला नको होतं, गड्या. तुझी जागा तशीच ठेवलीय. येशील?"

तेमिदायो कोट खांद्यावर टाकतो. रिकामी खुंटी उघडी पडते आणि फिआक्राचा प्रश्न माझ्यात कितीतरी वेळ घुमत राहतो. तेमिदायोची पावले जिना उतरत जातात.