बेडकीमावशीचं खरं नाव

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी दारात उभं राहू नये, आत जागा आहे. कीर्तनात बुवा नामाचा महिमा गातात आणि आपण माना डोलवतो. आज मीही नामाचीच गोष्ट सांगणार आहे. देवाच्या नामाची नव्हे, एका मासळीवालीच्या.

लाओ मुलखात मेकाँगच्या काठी एका गावात रोज उजाडता उजाडता बाजार भरतो. तिथं पत्र्याच्या छपराखाली, तिसऱ्या खांबापाशी, खारवून आंबवलेल्या मासळीची तीन मडकी घेऊन एक बाई बसायची. सगळे तिला बेडकीमावशी म्हणायचे. खऱ्या बेडक्या शेजारी बसणारी बुआला नावाची बाई विकायची, बांबूच्या सालीनं पाय बांधून. नवखं गिऱ्हाईक मावशीला बेडकीचा भाव विचारी, तेव्हा बुआला म्हणे, "ही बेडकी विकायची नाही हो. हिला घरी न्याल तर तुम्हालाच खारवून मडक्यात घालेल."

याच बाजारात इनपेंग नावाचा तरुण फोटो काढायचा. मिरच्यांच्या ढिगाआडच्या पोरी, केळफुलं सोलणाऱ्या जावा, डुकराचं मांस तोडणारा खाटीक. फोटो छापून आणून तो खांबाला बांधलेल्या दोरीवर चिमट्यांनी लटकवायचा आणि सगळा बाजार स्वतःला बघायला जमायचा.

मावशीनं त्याला सांगितलं होतं, "माझा एक काढ रे. आईला पाठवायचाय. पाय सुजतात, नदीवरनं तिच्याकडे जाणं होत नाही."

"उद्या काढतो, मावशी. आज ऊन कडक आहे, तोंडावर सावल्या पडतील."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती म्हणाली, "तुझ्या कॅमेऱ्याला माझ्या मडक्यांचा वास येतो वाटतं." इनपेंग हसला, पण ते थोडंसं खरंच होतं. म्हाताऱ्या मासळीवालीवर फिल्म कोण घालवतो? त्या पावसाळ्यात तिला ताप भरला आणि दोन दिवसांत ती गेली. तिकडे तिरडीपुढे मेलेल्याचा फोटो धरून चालतात. मावशीचा फोटोच नव्हता. मग बुआला तिची रिकामी टोपली छातीशी धरून पुढं चालली.

दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला तिथं प्रत्येक घर आपापल्या मृतांसाठी अन्नाची टोपली विहारात नेतं. टोपलीला नावाची चिठ्ठी लावायची, भंतेंनी ते नाव मोठ्यानं वाचायचं, म्हणजे वाटा ज्याचा त्याला पोचतो. मावशीला त्या गावात ना नवरा ना पोर. बुआलानं टोपली भरली, पण मावशीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं चिठ्ठीवर लिहिलं, बेडकीमावशी. भंतेंनी ते वाचलं आणि मंडपात हशा पिकला. इनपेंगही हसला.

त्यानंतर फोटो बिघडायला लागले.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलीच घाई. खाटकाचा फोटो काढताना खाटीक सरळ कॅमेऱ्यात बघत होता, हे इनपेंगनं शपथेवर सांगितलं असतं. छापल्यावर मात्र त्याचे डोळे बाजूला वळलेले. मिरचीवालीचेही तसेच. बुआलाचेही. लिंबं विकणाऱ्या म्हाताऱ्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, तर त्याचा तो मेलेला डोळासुद्धा तिकडेच. महिन्याभराचे फोटो त्यानं जमिनीवर मांडले आणि प्रत्येकाच्या नजरेची रेघ बोटानं ओढत नेली. सगळ्या रेघा तिसऱ्या खांबापाशी, मावशीच्या रिकाम्या फळीवर जाऊन मिळत होत्या.

त्यानं फिल्म बदलली, भिंग बदललं, उभं राहायची जागा बदलली. फोटो धुवायच्या खोलीत मासळीचा वास यायला लागला, तेव्हा मात्र त्यानं बाजारात जाणं सोडलं. बुआला घरी येऊन म्हणाली, "आजारी आहेस की बायको शोधतोयस? बाजारात दोरी नुसती लोंबतेय, बायका विचारतात."

अशात वर्ष फिरलं आणि पुढच्या चातुर्मासातलं प्रवचन आलं. तिकडचे भिक्खू प्रवचन गाऊन सांगतात, आणि मी सांगतो, बोललेला उपदेश वाटेत कुठंतरी बसकण मारतो, गायलेला थेट काळजात उतरतो. थोरले भंते गात होते की मेलेली माणसं परकी होत नाहीत, ती आपल्याच कुंपणाशी उभी असतात. भूक असते, पण मानी असतात. नावानं हाक आल्याशिवाय पानावर बसत नाहीत. इनपेंग शेवटच्या रांगेत होता. लोक उठून गेले तरी तो बसून राहिला, आणि मग त्यानं पिशवीतले फोटो भंतेंपुढं मांडले.

"काय दिसतं, भंते?"

"वाट बघणं दिसतं."

"ही सगळी तिची वाट बघतात?"

"वाट ती बघते आहे. ही नुसती तिच्याकडे बघतात."

"पण तिचा वाटा तर गेल्या वर्षी दिला."

"कुणाच्या नावानं? बेडकीच्या. आपल्या एका तळ्यात दहा हजार बेडक्या असतील. त्यांतल्या कुणाचं तरी पोट भरलं, तेही पुण्यच." भंते हसले, मग गंभीर झाले. "पौर्णिमेला नऊ दिवस आहेत. तिचं नाव शोधून आण. तोंड तिचं तू टिपलं नाहीस, निदान नाव तरी आण."

इनपेंगनं जुन्या फिल्मा उपसल्या. एका फोटोत बुआला खदखदून हसत होती आणि तिच्या खांद्यामागं मावशी मडक्यात वाकली होती. अर्धाच चेहरा. तेवढा भाग मोठा करून त्यानं छापला आणि नदीच्या वरच्या अंगाहून मावशीला मासळी आणून देणाऱ्या सिफान नावाड्याला गाठलं.

"तिची आई आहे अजून," सिफान म्हणाला. "वर हाटसेन गावाला."

"तिला कळवलंत ना?"

सिफान नदीकडे बघत राहिला. "दर खेपेला म्हातारी घाटावर येते. विचारते, माझी बेडकी बरी आहे ना? पहिल्यांदा तोंडातून गेलं, बरी आहे. आता वर्ष झालं. थुंकलेलं गिळू कसं?"

"मी सांगतो. मला घेऊन चला."

हाटसेनला पोचल्यावर सिफान होडीतून उतरलाच नाही. "तू नावासाठी जा," तो म्हणाला, "मी इथं नाव धरून बसतो."

म्हातारी खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत मासे धरायची टोपली विणत होती. बोटं भराभर चालत होती, डोळे मात्र दुधासारखे पांढरे. इनपेंगनं ओळख सांगितली, फोटो हातात दिला. तिनं तो अंगठ्यानं चाचपला, नाकाशी नेला.

"डोळे जाऊन चार पावसाळे झाले. तिला सांगू नकोस, रडत बसेल. तू सांग, कशी दिसते?"

"मडक्यात वाकलीय, आजी. अर्धंच तोंड आलंय."

"अर्धंच का काढलंस?"

"चुकलं माझं. ती म्हणत होती, मी उद्या उद्या करत राहिलो."

"मग परत गेलास की पुरं काढ."

हो म्हणणं सोपं होतं. सिफान वर्षभर हेच करत होता. इनपेंगनं विचारलं, "आजी, तिचं खरं नाव काय?"

बोटं थांबली.

"बाईचं नाव दोनदाच विचारतात," म्हातारी म्हणाली. "लग्न जमवताना, नाहीतर चिठ्ठी लिहिताना. माझ्या पोरीचं लग्नाचं वय गेलं. कधी रे?"

"मागच्या पावसाळ्यात. ताप आला होता."

तिनं मान हलवली. "सिफानचा आवाज दर खेपेला बारीक होत होता. मी म्हटलं, तो बरी आहे म्हणतोय तोवर ती आहे." मग फोटो मांडीवर पालथा घालून म्हणाली, "हिच्या आधीची चार गेली. ही झाली तेव्हा उकिरड्यावर ठेवली. शेजारीण म्हणाली, अगं, बेडकी सापडली, आणि उचलून आणली. भुतांना वाटावं, कुणालाच नकोशी आहे, आपण तरी कशाला न्यावी. इथल्या भंतेंनी ठेवलेलं नाव मी पासष्ट वर्षं ओठांवर आणलं नाही. भूत कुठं कान लावून बसलेलं असेल, कुणी सांगावं. तिलासुद्धा सांगितलं नाही."

इनपेंग म्हणाला, "तिला स्वतःचं नाव माहीत नाही? मग हाक मारली तरी ती ओ कशी देणार?"

हे म्हातारीच्याही मनात कधी आलं नव्हतं. पोरीला मृत्यूपासून लपवता लपवता तिनं तिला जेवणाच्या पंगतीपासूनही लपवलं होतं. ती चाचपडत उठली, भिंतीवरचा पंचा खांद्यावर टाकला.

"नाव ओळखणार नाही," ती म्हणाली. "आईचा आवाज ओळखेल. मला होडीत बसव."

वाटेत सिफाननं तिचे पाय धरले. ती म्हणाली, "वल्हं धर, माझे पाय काय धरतोस. होडी वाहवत चाललीय."

पौर्णिमेला सगळा बाजार विहारात लोटला. बुआलानं टोपलीत चिकट भात, भाजलेला मासा, विडा, सगळं नीट मांडलं होतं. चिठ्ठी कोरी होती. भंतेंनी ती हातात घेतली, मंडपाच्या कडेला उघड्या दाराकडे एकदा बघितलं, आणि म्हातारीच्या तळहातावर ठेवली. या वेळी कुणी हसलं नाही. इनपेंगनं कॅमेरा घरीच ठेवला होता.

म्हातारी दाराकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्यांदा तिच्या गळ्यातून नुसता वारा निघाला. जे नाव जन्मभर आत दाबलं, ते वर यायला वाट सापडेना. मग संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरीला आई बोलावते ना, तशी लांबवर तान धरून तिनं हाक मारली:

"सेंगदाव, ये गं. जेवायला ये."

सेंगदाव म्हणजे ताऱ्याचा उजेड. एवढं सुंदर नाव, आणि जिचं होतं तिनं ते पहिल्यांदा मेल्यानंतर ऐकलं.

कुणी ओ दिली का, हे मला विचारू नका. बुआला म्हणते, दारातल्या चटईची कड कुणी तरी पाय पुसल्यासारखी हलली. इनपेंग म्हणतो, मला काही दिसलं नाही. म्हातारी मात्र बाजूला सरकून बसली, आणि शेजारी एका माणसापुरती जागा तिनं हातानं साफ केली.

बाबांनो, आयांनो, एवढंच मागणं आहे. ओळखपाळख नसली तरी आज घरी पान वाढाल तेव्हा पहिल्या घासाला क्षणभर थांबा आणि हळूच म्हणा, सेंगदाव. तिला त्या नावाची अजून सवय व्हायची आहे.