शेवटचं रीळ

रामलिंगचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. त्याला कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. त्यानं लिहिलं होतं : 'लातूरच्या आमच्या वाचनालयात मी दर महिन्याला सिनेमा दाखवतो, मग चर्चा असते. कंधारच्या जत्रेत आपण तंबूत पाहिलेला तो रडका सिनेमा मिळालाय. त्यावर तू बोलायचंस. तू येईपर्यंत लावणार नाही. ये रे भित्र्या.'

मी पाच खर्डे केले. 'येतो' हा शब्द एकातही उतरेना. तीस वर्षं पोरांना मराठी शिकवली, पण ते पुस्तकातलं होतं. चार मोठ्या माणसांत स्वतःचं मत सांगायचं म्हटलं की मी मागच्या दारानं सटकतो.

नांदेडच्या आमच्या वाचनालयातही दर दुसऱ्या रविवारी असाच सिनेमा असतो. ग्रंथपाल ज्ञानेश्वरीचा नियम आहे, सिनेमावर एक तरी वाक्य बोलल्याशिवाय चहा नाही. वर्षभर मी एकही सिनेमा चुकवला नाही, आणि चहाची किटली दिसली की चपला घालून निघालो.

गेल्या रविवारी पडद्यावर नावं सुरू झाली आणि मी ताठ बसलो. तोच सिनेमा! नवरा शहरात गेलेला, बायको रोज स्टेशनवर येणारी. शेवटी गाडी न थांबता निघून जाते, ती फलाटावर एकटी उभी, समाप्त. पन्नास वर्षांपूर्वी त्या तंबूतून रामलिंग आणि मी घरापर्यंत रडत गेलो होतो.

गाडी गेली. मी रुमाल काढला. पण सिनेमा संपेना. दुसरी गाडी आली, तिच्यातून नवरा उतरला आणि चक्क गाणं सुरू झालं.

"हे कुठून आलं?" मी मोठ्यानं म्हणालो.

सगळ्यांच्या माना वळल्या. दिवे लागल्यावर ज्ञानेश्वरीनं मला पहिलं उभं केलं. मी अडखळत कंधारचा तंबू आणि आमचा शेवट सांगितला.

मागून भीमाशंकर खो खो हसत उठला. "गुरुजी, तो तंबू माझ्या बापाचा! सिनेमाची एकच पेटी, कंधार आन् मुदखेड दोन्हीकडं चालवायची. मुदखेडची एसटी सुटायची वेळ झाली की शेवटचं रीळ न दाखवताच पेटी बंद. 'समाप्त' लिहिलेली काच बापानं निराळी करून ठेवली होती. ती मशीनच्या दिव्यापुढं लावली की लोकं गपगुमान घरी!"

सभागृह हसलं. माझे कान तापले. पन्नास वर्षं मी दुसऱ्याच सिनेमासाठी रडत होतो.

"हसायला काय झालं?" मंजुळाबाई कडाडल्या. भाजीचा गाडा सुनेवर सोपवून त्या दर वेळी पहिल्या रांगेत बसतात. "गुरुजींचाच शेवट बरा हाय. आठ वर्षं बायकोला खबर न्हाई, आन् उतरल्याबरोबर गाणं म्हणून राहिला! एक कार्ड टाकाया हात मोडले होते का त्याचे?"

मी चटकन बोललो. "त्याला लाज वाटली असेल. उशीर झाला की उत्तर लिहिणं आणखी अवघड होतं."

"मंग आणखी उशीर करायचा? हे कोणतं शहाणपण, गुरुजी?"

मी रुमाल घडी करून खिशात ठेवला. चर्चा पेटली. निम्मे नवऱ्याला उतरवायला तयार, निम्मे त्याला त्याच गाडीत परत बसवायला. मी नवऱ्याच्या बाजूनं तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा मंजुळाबाईंनी मला गप्प केलं.

"गुरुजींना दोन कप," ज्ञानेश्वरी म्हणाली. "वर्षाची थकबाकी आहे."

चहा फार गोड होता. तिथंच टेबलावर खिशातलं कोरं आंतरदेशीय पत्र उघडलं, खर्डा न करता.

'रामलिंग, उशीर झाला, लाज वाटत होती. सिनेमा पुढच्या महिन्यात लाव. मी येतो आणि बोलतोही. मात्र मी येईपर्यंत तू तो एकटा बघू नकोस. का ते लातूरला सांगेन.'

वाचनालयाच्या फाटकाबाहेर पोस्टाची पेटी आहे. पत्र आत पडल्याचा आवाज ऐकला, तरी फटीत दोन बोटं घालून बघितलं.