महाराणीचा सूड

ऑगस्टमध्ये मोंटानातली ती नदी इतकी आटली की गायी गुडघे न भिजवता पलीकडे जायला लागल्या. पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात ट्राउट माशांचा जीव गुदमरतो. म्हणून ब्रिनच्या बाबांच्या कुरणातला झरा जिथे नदीला मिळतो, त्या एका गार डोहात सगळे मासे दाटीवाटीने उभे होते. अशा वेळी त्यांच्यावर गळ टाकायचा नसतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

रॉस्को तर मासे धरायला येणाऱ्या हौशी लोकांचा पट्टीचा गाईड. तरी गेल्या आठवड्यात त्याने गिऱ्हाईक आणलं, गळाला लावलेला पिसांचा नाकतोडा पाण्यावर नाचवला आणि डोहातली सगळ्यात थोरली ट्राउट, ब्रिनची 'महाराणी', बाहेर ओढली. फोटो होईपर्यंत हातात धरून ठेवली! सोडली तेव्हा ती पोट वर करून वाहत गेली.

ब्रिन रडली, तर हा म्हणतो, "अगं, मासा होता तो, तुझी आत्या नव्हे!"

नदी सगळ्यांची, त्यामुळे त्याला हाकलता येईना. पण झरा? झरा ब्रिनच्या घरचा होता!

"बाबा, झऱ्याचं पाणी जुन्या पाटात वळवू?"

"आत्ता? कशाला?"

"सूड घ्यायचाय."

बाबांनी टोपी मागे सारली. "फावडं गोठ्यामागे आहे. आणि हळू वळव, नाहीतर मासे तडफडतील."

मग रोज एक फळी जुन्या पाटाच्या तोंडातून काढायची आणि चालू पाटात ठोकायची. हाताला फोड आले, पण प्रत्येक घावाला ब्रिनला रॉस्कोचं थोबाड दिसत होतं. गारवा वरच्या अंगाला, जुना पाट नदीला मिळतो तिथे, वाळुंजाच्या झुडपांच्या जाळीमागे सरकला आणि मासे मुकाट त्याच्यामागे गेले.

शनिवारी रॉस्को कोऱ्या बुटांतली दोन गिऱ्हाइकं घेऊन आला. नाकतोडे पडले, वाहिले, पुन्हा पडले. शेवटी एकाने पाण्यात हात घातला.

"अहो, हे तर आंघोळीचं पाणी आहे! इथे मासे?"

रॉस्कोचा चेहरा बिटासारखा लाल. कुंपणावर सफरचंद खात बसलेल्या ब्रिनकडे तो वळला. "ए पोरी, मासे कुठे गेले?"

"आत्याच्या मयताला गेलेत, काका."

गिऱ्हाइकं खो खो हसली आणि दोऱ्या गुंडाळून गाडीकडे निघाली. रॉस्को डोहात तसाच उभा.

ब्रिन जाळीमागे जाऊन काठावर पालथी पडली. गार पाण्यात ठिपकेदार पाठी संथ हलत होत्या. तिने स्वतःचा गळ घरीच ठेवला होता.

अजून अर्धा ऑगस्ट बाकी होता. येऊ दे रोज बापड्याला!