खंडेनवमीचं तेल

आश्विन उजळला होता. पावसानं आपलं ओलं बिऱ्हाड केव्हाच हलवलं होतं, आणि कृष्णाकाठच्या हळदीच्या रानावर निळं, निर्मळ, निरभ्र आकाश ओणवून पाहत होतं. कोवळं ऊन, कनककांती ऊन हळदीच्या रुंद पानांवरून निथळत बांधाशी येई, बांधावरच्या झेंडूंना कुरवाळी आणि अलगद गावात शिरे. दसरा नुकताच होऊन गेला होता. दारोदारची तोरणं सुकली होती, पण कुणी उतरवली नव्हती.

त्या उन्हात, ओसरीच्या चुनाधवल भिंतीशी, पदर खोचून कुमुद उभी होती. हातात ड्रिल मशीन. बॅटरीवरचं, नवऱ्यानं हौसेनं आणलेलं. नवरा साखर कारखान्यावर. हंगाम तोंडावर आलेला, रजेचं नाव काढायची सोय नव्हती. पायाशी लांबच लांब लोखंडी नळी पडली होती, पांढऱ्या रंगानं रंगवलेली. ती आज भिंतीला लागायलाच हवी होती.

उद्या सकाळी थोरल्या दिरांची गाडी येणार होती, म्हणून.

खाटेवर दिनकरराव बसले होते, तिचे सासरे. एस.टी.चे चालक होते ते. खंबाटकीचं एकेक वळण त्यांच्या तळहातांना पाठ होतं. धुक्यात, धारांत, धुळीत त्यांनी माणसं सुखरूप घरी पोचवली. मग साखरेच्या आजारानं एकेक करून दोन्ही डोळ्यांतले दिवे विझले. बायको होती तोवर तिच्या हातावर हात ठेवून चालले. गेल्या हिवाळ्यात तीही गेली, आणि उरला सुनेचा हात.

आता सुनेचा हात धरायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जुन्या वळणाचा माणूस! ज्यांच्यासमोर तिनं पदर ढळू दिला नाही, त्यांनी तिच्या मनगटाला धरून मोरीवर जायचं? कुमुदला त्यात काही वाटत नव्हतं. पण तिला न वाटून काय उपयोग? एकदा ती अंगणवाडीत गेल्याची संधी साधून ते एकटेच निघाले आणि मोरीच्या उंबऱ्याशी आपटले. कपाळाला टाके पडले.

पुण्याहून जयवंतचा, थोरल्या मुलाचा, फोन आला. आता पुरे, म्हणाला, मी आप्पांना इकडे घेऊन येतो. त्याचंही खोटं नव्हतं, बापाची काळजीच होती ती. पण उंचावरचं ते बंद दारांचं घर आठवून दिनकररावांनी दोन दिवस भाकरी नुसती चिवडली. तेव्हा कुमुदनं दिराला भीतभीतच सांगितलं, की आपण खाटेपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून अंगणातल्या पारिजातकापर्यंत भिंतीला नळी लावू, तिला धरून ते फिरतील. जयवंत म्हणाला, लाव. मी येईन तेव्हा आप्पा एकटे चालताना दिसले, तर राहू देत. नाहीतर गाडीत बसायचं.

एवढंच होतं सगळं. एक भिंत, एक नळी, एक दिवस.

कुमुदनं भोक पाडायचं बिट लावलं, टोक भिंतीवर टेकवलं आणि घोडा दाबला. यंत्र घुमलं, घुमत राहिलं, पण भिंत तशीच. बिट धरणाऱ्या चकाचा गोल जबडा गरगर फिरत होता आणि त्याच्या आत बिट मात्र स्वस्थ, निश्चल, ढिम्म उभं होतं. तिनं चक आवळला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जीव खाऊन जोर लावला, तेव्हा टोक जेमतेम भिंतीत रुतलं. आणि यंत्र मागं ओढलं तर यंत्र हातात आलं, बिट भिंतीतच राहिलं. बाईनं कपाळाला हात लावला.

ऊन चढलं. झेंडूचा उग्र वास तापू लागला. पारिजातकाखालची सकाळची फुलं मलूल होऊन मातीला चिकटली. कुमुद आवळत होती, दाबत होती, आणि यंत्र नुसतं ओरडत होतं. तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला फोन लावला तर तो लागेना.

इतका वेळ दिनकरराव कान देऊन ऐकत होते. डोळे गेले तरी इंजिनाचा कान गेला नव्हता. ते म्हणाले, "पोरी, हा क्लच घसरतोय. प्लेटला तेल लागलं की गाडी अशीच बोंबलते, जागची हलत नाही."

आणि बोलता बोलता ते आपलीच बोटं चाचपू लागले.

कुमुदनं चकात करंगळी घातली. बाहेर आली ती बुळबुळीत, लालपिवळी. तेल, हळद आणि कुंकू. तिनं यंत्र उलटं करून पायरीवर हलकेच ठोकलं, तर जबड्याच्या दोन दातांमधून एक पिवळा तांदूळ टपकन खाली पडला. अक्षत! तिला खंडेनवमी आठवली. पाटावर मांडलेला कोयता, विळा, तिची कात्री आणि हे ड्रिल. झेंडूची आरास, उदबत्तीचा धूर. जन्मभर गाडीची पूजा केलेल्या सासऱ्यांनी त्या दिवशी हात लावून लावून एकेक हत्यार ओळखलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं. चाचपडताना ड्रिलचं उघडं तोंड बोटाला लागलं, तेव्हा भक्तिभावानं त्यात वाटीभर माया ओतली होती.

तिनं अक्षत मुठीत लपवली. बोलायचं नाही, तिनं ठरवलं.

पण खाटेवरून आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत, "मीच घातलं होतं ना गं ते तेल?"

कुमुदनं अक्षतेची मूठ आणखी घट्ट मिटली. दिनकररावांनी खाटेच्या कडेवरचे हात सोडून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, की राहू दे, जाईन मी जयवंताकडे. जो माणूस धड पूजासुद्धा करू शकत नाही, त्याच्यासाठी भिंतीला कशाला भोकं पाडायची. त्यांचा आवाज कोरडा होता.

समजूत घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ती उठली, देवघरातल्या चार वाती घेतल्या, फळीवरची हात साफ करायच्या सॅनिटायझरची जुनी बाटली घेतली. चकाचं तोंड पुरतं उघडलं, ओली वात पिळून आत फिरवली. पहिली वात रक्तवर्णी निघाली, दुसरी केशरी, तिसरी पिवळसर. चौथी शुभ्र निघाली तेव्हा कुठं ती थांबली. घसरून घसरून बिटाच्या बुडाशी चरे पडले होते, त्यांचे काटे तिनं कानशीनं घासून काढले. मग बिट तिन्ही दातांच्या बरोब्बर मध्ये बसवलं. यंत्राच्या जोरावर नाही, स्वतःच्या मुठीनं आवळलं, कट्कट् आवाज येईपर्यंत. ओढून पाहिलं. हललं नाही.

घोडा दाबला. आता आवाज वेगळाच आला. भरलेला, भारदस्त, भिंतीत शिरणारा. विटेची तांबूस भुकटी झरझर झरू लागली आणि कुमुदच्या पायांवर सांडू लागली.

"घेतला गिअर," दिनकरराव नकळत म्हणाले.

भोकामागून भोक पडत गेलं. भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या बसल्या, त्यांत स्क्रू बसले, नळी भिंतीशी जडली. उन्हं कलली, हळदीची रानं सोनसावळी झाली, आणि ओसरीवरून मोरीकडे, मोरीकडून पारिजातकाकडे एक शुभ्र रेषा निघाली. कुमुदनं सगळा भार टाकून ती ओढून पाहिली. मग हातपाय धुतले.

नंतर ती कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि ड्रिल सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मामंजी, कामाला लागलं बघा ते. आता नीट पूजा करा." तिनं त्यांची बोटं यंत्राच्या पाठीवर टेकवली. "इथं कपाळ. कुंकू इथं लावायचं. तोंड तेवढं कोरडं ठेवायचं."

म्हाताऱ्यानं बोटं कुंकवात बुडवली. यंत्राच्या कपाळावर टिळा उमटला, जरासा तिरपा. मग त्यांनी तोच हात भिंतीकडे नेला, चाचपला, आणि नळी मुठीत धरली. जुनं स्टिअरिंग धरावं तशी. घट्ट. कुमुद दोन पावलं मागं सरली. तिनं आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, उगाच पुढं व्हायला नकोत म्हणून.

ते चालू लागले.

सकाळी अंगणात गाडी उभी राहिली. जयवंत उतरला आणि दारातच थबकला. खाट रिकामी होती. पांढऱ्या नळीवर कुंकवाची बोटं उमटली होती, हातभर अंतरावर एक, पुढं आणखी एक, जरा फिकी, त्याहून फिकी, भिंतीच्या कडेनं वळत गेलेली. त्यांच्या मागोमाग तो गेला. पारिजातकाखाली त्याचे आप्पा उभे होते, एकटे, एका हातात नळीचं टोक. खांद्यावर फुलं पडली होती. कुमुद दूर चुलीशी होती.

"जयवंता," ते मान न वळवता म्हणाले, "इंजिन बंद कर. उगाच डिझेल जळतंय."

जयवंतनं मागं जाऊन गाडी बंद केली. अंगण शांत झालं. हळदीच्या रानावरून ऊन हळूहळू आत आलं, आणि पारिजातकाची फुलं एकेक करून पडत राहिली, मातीवर, खांद्यावर, नळी धरलेल्या त्या लाल बोटांवर.